ओसिनाची न्वाचुक्वू – ‘एक्वुएमे’ गाणारी बाई (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

लेगॉसकर :

नमस्कार मंडळी. मी इथे तसा वाचनमात्रच, पण मागे आफ्रिकन संगीताच्या धाग्यावर सगळी गाडी बर्ना बॉय या नायजेरियन पॉपस्टारपाशी जाऊन अडकली आणि नेहमीप्रमाणे भांडणं सुरू झाली, तेव्हाच म्हणलं एकदा या बाईबद्दल लिहायचंच.

मी सहा वर्षं झाली नायजेरियात लेगॉसला आहे, पॅकेजिंगच्या धंद्यात. इथे ट्रॅफिक जॅमला गो-स्लो म्हणतात, आणि गो-स्लोमध्ये गाडीतला रेडिओ ड्रायव्हरचा असतो, साहेबाचा नाही, हे मी पहिल्या आठवड्यात शिकलो. आमचा ड्रायव्हर इग्बो (इथला एक मोठा समाज, भाषेचं नावही तेच), अबिया स्टेटकडचा. थर्ड मेनलँड ब्रिज म्हणजे जवळपास बारा किलोमीटरचा पूल, खाली लगून, पुढेमागे पिवळ्या डानफो बसेस, एकदा अडकलात की अडकलात. २०२१ मधली अशीच एक संध्याकाळ, त्याने एक गाणं लावलं. पुरुष गात होता, बरं होतं, चर्चमधलं वाटत होतं, मी फोनवर मेल बघत होतो. मग बाईचा आवाज आला आणि मेल राहिला बाजूला. जाडसर, छातीतून निघालेला आवाज, खाली घट्ट, आणि वर जाताना किंचाळत नाही तर रुंद होत जातो. एकही शब्द कळत नव्हता. मी विचारलं हे काय म्हणतेय, तर तो म्हणाला, ‘ओगा, ई मीन से, हू टॉक, ई डू अॅम.’ ओगा म्हणजे साहेब. आणि एक्वुएमे म्हणजे जो बोलतो ते करतो. म्हणजे आपलं बोले तैसा चाले. देवाला दिलेलं नाव.

ती बाई ओसिनाची न्वाचुक्वू. जन्म १९७९, गाव इसुओची, आज ते अबिया स्टेटमध्ये येतं (ती जन्मली तेव्हा अबिया नावाचं राज्यच नव्हतं, ते १९९१ ला इमोमधून काढलं). जुळ्या बहिणींपैकी एक. नंतर राजधानी अबुजामध्ये डुनामिस नावाच्या मोठ्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये गायची. मोठ्या म्हणजे किती, तर त्यांनी २०१८ मध्ये ग्लोरी डोम बांधला त्यात एक लाख माणसं बसतात. वानखेडे भरून तीनदा. अशा ठिकाणी दर रविवारी उभं राहून गायचं. इथे गॉस्पेलवाले (म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणारे) परफॉर्म केलं म्हणत नाहीत बरं का, ‘मिनिस्टर केलं’ म्हणतात. पोस्टरवरसुद्धा गायकाच्या नावाआधी मिनिस्टर लिहिलेलं असतं, मला सुरुवातीला वाटायचं एवढे मंत्री गातात की काय.

‘एक्वुएमे’ आलं २०१७ मध्ये. गाणं प्रॉस्पा ओचिमाना या गायकाचं, ही त्यात पाहुणी. पण इथे कुणालाही विचारा, लोक तिचं गाणं म्हणूनच ओळखतात. यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितलं गेलंय. चर्चचे मुख्य पाळक पॉल एनेंचे यांच्याबरोबर ‘नारा एकेले’ (आभार स्वीकार) हे दुसरं गाजलेलं. पॉपस्टारसारखे ढीगभर अल्बम वगैरे नाहीत, चर्चच्या स्टेजवरचे व्हिडिओ, दुसऱ्यांच्या गाण्यात येऊन खाऊन टाकणं, असं तिचं करिअर. एरवी अशी माणसं नावासकट विसरली जातात, हिला आवाजाने वाचवलं.

आणि मग ८ एप्रिल २०२२, शुक्रवार. गेली. वय ४२. चार मुलं. पहिली बातमी आली की घशाचा कॅन्सर होता. दोन दिवसांनी झावळ्यांचा रविवार, तोपर्यंत घरचे लोक बोलायला लागले होते की कॅन्सर-बिन्सर काही नव्हता, नवरा मारायचा, छातीत लाथ बसली. रविवारी त्याला अटक झाली. सोमवारी आमच्या ड्रायव्हरने रेडिओ लावला नाही. विक्टोरिया आयलंडपर्यंत शांत. मी पण काही बोललो नाही.

खटला तीन वर्षं चालला. २८ एप्रिल २०२५ ला अबुजाच्या हायकोर्टाने नवऱ्याला फाशी सुनावली.

मला खरं तर विचारायचंय की अशा गायकाचं गाणं तुम्ही नंतर कसं ऐकता. पण आधी लोकांना बाई माहीत तर पाहिजे, म्हणून एवढं लिहिलं.


खारी_बिस्कीट :

बापरे. चहा तसाच राहिला. गाणं शोधते.


मावळतीचा_सूर :

लेखन आवडलं. पण एक मिनिट, ही तीच का ‘वे मेकर’वाली? तिचं नावही ओसिनाचीच आहे ना? मग ती गेली?? मी गोंधळलोय.


लेगॉसकर :

नाही नाही नाही. हा गोंधळ माझाही झालेला, त्या शनिवारी पुण्याहून मित्राचा मेसेज आला ‘अरे ओसिनाची गेली’ आणि मी अर्धा तास दुसरीचंच दुःख करत बसलो.

वे मेकरवाली म्हणजे सिनाक. पूर्ण नाव ओसिनाची कालू ओकोरो एग्बू, ओसिनाचीचं सिनाक केलंय. तीही इग्बो, पण एबोनी स्टेटची, आणि ठणठणीत आहे. ओसिनाची हे नाव कॉमन आहे, अर्थ ‘देवाकडून आलेली’. आपल्यात देवदत्त असतो तसं. इग्बो नावं निम्मी अशीच असतात, ची म्हणजे देव – चिनेडू, चिडी, केलेची, अमाराची. ऑफिसात मी चि. ने सुरू होणारे अकरा लोक मोजलेत, लग्नपत्रिका वाटते.

सिनाकची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. सात भावंडांतली, मुलींत दुसरी, पोर्ट हारकोर्ट युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकली, क्राइस्ट एम्बसी चर्चच्या क्वायरमध्ये वर्षानुवर्षं मागच्या रांगेत गायची आणि त्यांच्यासाठी गाणी लिहायची. ‘वे मेकर’ २०१५ च्या शेवटी आलं तेव्हा ती चाळिशी पार केलेली बाई होती. मग अमेरिकेतल्या लीलंड बँडने २०१९ मध्ये ते गायलं, मायकल डब्ल्यू. स्मिथने २०२० मध्ये, आणि त्याच वर्षी तिकडच्या डव्ह अवॉर्ड्समध्ये (ख्रिस्ती संगीताचे पुरस्कार) ते साँग ऑफ द इयर ठरलं. बिलबोर्डच्या ख्रिश्चन गीतकारांच्या यादीत ती सलग आठवडेच्या आठवडे एक नंबरला. लॉकडाऊनमध्ये लोक हॉस्पिटलांबाहेर उभं राहून तेच गात होते. जॉर्ज फ्लॉइडनंतर मिनियापोलिसमध्ये रस्त्यावरसुद्धा.

म्हणजे एकाच नावाच्या, दोघी इग्बो, दोघी मेगाचर्चच्या क्वायरमधून आलेल्या. मूळ लेखात तिला मुद्दाम आणलं नव्हतं, कारण मग सगळे तिच्याबद्दलच बोलतात.


क्वायरवाली :

थांबा थांबा. वे मेकर नायजेरियन बाईने लिहिलंय?? मी नगरची, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये, आणि आमच्याकडे तीनेक वर्षं झाली ते गाणं दर दुसऱ्या रविवारी असतं, तरुण मुलं इंग्लिशमध्ये आणि कधी हिंदीत गातात, गिटार वगैरे घेऊन. आम्हाला सगळ्यांना वाटायचं अमेरिकन आहे. म्हणजे आफ्रिकेतलं गाणं अमेरिकेत जाऊन, तिथला शिक्का मारून नगरला आलं. हसू येतंय आणि जरा लाजही वाटतेय.

एक्वुएमे ऐकलं आत्ता. मला त्यात जे भिडलं ते हे की ती आपल्या भाषेत गाते. आमच्या जुन्या माणसांचा यावर फार जीव. माझी आजी म्हणायची की इंग्लिश चालीवर मराठी शब्द बसवलेली गीतं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. नारायण वामन टिळकांची भजनं आली, अभंगाच्या, ओवीच्या चालीची, तेव्हा कुठे बायका तोंड उघडून गायला लागल्या, असं तिला तिच्या आईने सांगितलेलं. इग्बो लोकांमध्ये असं काही झालं का?


भाषावेडा :

@क्वायरवाली, तुमच्या आजीचा सदरा तिकडे जास्तच टोचला असणार. कारण इग्बो ही सुरांची भाषा आहे, म्हणजे शब्द उच्चारताना स्वर चढवला की उतरवला यावर अर्थ ठरतो. नेहमीचं उदाहरण ‘अक्वा’. एकाच स्पेलिंगचा हा शब्द सूर बदलून रडणं, कापड, अंडं आणि पलंग असे चार अर्थ देतो. आता कल्पना करा की मिशनरी आले (ओनित्शाला चर्च मिशनरी सोसायटीचं ठाणं १८५७ पासून आहे), त्यांनी इंग्लिश हिमचं इग्बोत भाषांतर केलं आणि चाल तीच ठेवली. चाल वर जातेय तिथे शब्दाला खाली जायचंय. गाणारा भक्तिभावाने रडण्याबद्दल गातोय आणि ऐकणाऱ्याला अंडं ऐकू येतंय. हे मी विनोद म्हणून सांगतोय पण तिथल्या संगीतज्ञांनी यावर गंभीरपणे लिहिलंय. त्यात एक मोठं नाव प्रोफेसर लाझ एक्वुएमे. हो, आडनाव तेच, एक्वुएमे! त्यांचे भाऊ अॅलेक्स एक्वुएमे १९७९ ते ८३ नायजेरियाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. आडनावच ‘बोलतो ते करतो’ असलेला राजकारणी, घ्या.

तर इग्बो रचनाकारांनी पुढे केलं काय, तर चाल शब्दाच्या मागे नेली. एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात, ओळ छोटी, बोलण्याच्या चढउताराला धरून. सोबत ओगेने (लोखंडी घंटा, काठीने वाजवतात), उडू म्हणजे मडक्याचं वाद्य, एक्वे म्हणजे पोखरलेला ओंडका. ओसिनाचीची इग्बो ओळ ऐकताना मला भाषा येत नसूनही ती बोलल्यासारखी वाटते, ते बहुतेक यामुळे.


खारी_बिस्कीट :

मडक्याचं वाद्य म्हणजे आपला घटम का?


भाषावेडा :

साधारण, पण उडूला पोटावर एक जास्तीचं भोक असतं, त्यावर तळहात मारला की ‘डूम’ असा पाण्यात दगड पडल्यासारखा आवाज येतो. बायकांचं वाद्य मानलं जायचं.


स्पष्टवक्ता :

चांगली माहिती, पण माझे दोन पैसे. एक, गायिकेचा धागा आहे की नवऱ्याच्या खटल्याचा? दोन, एवढी नावाजलेली बाई, लाखभर लोकांसमोर गाते, पैसा आहे, तर सोडून का नाही गेली? कुठेतरी स्वतःचीही जबाबदारी असते ना. आणि तीन, असे धागे म्हणजे आडून धर्मप्रसार असतो असं माझं स्पष्ट मत आहे.


क्वायरवाली :

दोन पैसे म्हणून तीन दिलेत. एक परत घ्या.


रमाकाकू :

स्पष्टवक्ता, तुमच्या क्रमांक दोनला उत्तर देते, तीनला देण्यासारखं काही नाही.

आमच्या वाड्यात एक शिक्षिका राहायच्या. शाळेत त्यांचा एवढा दरारा की चालताना पोरं भिंतीला चिकटायची. पगार त्यांचा, फ्लॅटचं कर्ज त्यांच्या नावावर. उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचं ब्लाउज. आम्हा सगळ्या बायकांना माहीत होतं. सगळ्यांना. गणपतीत आरतीला त्यांचा आवाज सगळ्यात वर असायचा, आणि ज्या दिवशी नसायचा त्या दिवशी आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि प्रसाद वाटायला लागायचो. कुणी विचारलं तर म्हणायच्या ‘अहो ते मनाने चांगले आहेत’. मी तेव्हा तीस वर्षांची होते, आज अडुसष्ट आहे, मला अजून ती प्रसादाची वाटी आठवते. तुम्ही विचारताय ती का नाही गेली. मला विचारा की आम्ही कुणी त्यांच्या दारावर थाप का नाही मारली.

नाव असलं, पैसा असला की सोपं होतं असं नाही. उलट लोकांनी तुम्हाला देवाचं माणूस ठरवल्यावर तोंड उघडणं जास्त अवघड.


स्पष्टवक्ता :

काकू, मी तसं म्हणलं नव्हतं. पण असो. मुद्दा पोचला.


लेगॉसकर :

काकू __/\__

ती सोडून गेली होती, हेच तर आहे. तिच्या आईने त्यावेळी पत्रकारांना सांगितलं होतं की एकदा ती वर्षभराहून जास्त माहेरी येऊन राहिली होती. मग नवरा माफी मागत आला, मध्यस्थ आले, आणि ती परत गेली. घरचे सोड म्हणायचे तर ती म्हणायची देवाला घटस्फोट मान्य नाही, तो बदलेल. तिचे कार्यक्रम, पैसे हे सगळं नवराच बघायचा आणि बहिणींना घरी येऊ द्यायचा नाही, हेही घरच्यांनीच सांगितलं. ती गेल्यावर इथे दोन-तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. चर्चना किती माहीत होतं आणि पाळकांनी काय सल्ला द्यायला हवा यावर रेडिओवर फोन-इन कार्यक्रमात लोक अक्षरशः ओरडत होते.

अजून एक गोष्ट इथे राहून कळली. इग्बो रिवाजात मुलाकडचे मुलीकडे वधूमूल्य देतात, आणि रिवाजाचं लग्न मोडायचं तर ते परत करावं लागतं, तेव्हा ते खरं मोडलं. रक्कम बऱ्याचदा नावापुरतीच असते, मुख्य म्हणजे दोन्ही घराण्यांनी बसून ते करायचं असतं. म्हणजे बाई एकटी उठून बाहेर पडली असं होतच नाही, अख्खी भावकी उठवावी लागते. आमच्या अकाउंट्समधल्या बाई आहेत न्नेवीच्या, त्या म्हणाल्या, चर्च म्हणतं थांब, भावकी म्हणते थांब, आणि बाई गाते. एवढंच बोलून व्हाउचर तपासायला लागल्या.


कायदेकानू :

खटल्याबद्दल थोडं भर घालते, वकील आहे म्हणून उत्सुकता होती.

एकूण २३ आरोप होते. ३ जून २०२२ ला नवऱ्याला कोर्टापुढे उभं केलं. मुख्य आरोप सदोष मनुष्यवधाचा (तिकडच्या दंडसंहितेत त्याच्या एका प्रकाराला मृत्युदंड आहे), आणि बाकीचे पत्नीला मारहाण, मुलांशी क्रूरपणा, धमकावणं वगैरे. सरकारी बाजूने १७ साक्षीदार आणले, त्यात तिची स्वतःची दोन मुलं. हे वाक्य मी वाचून पुढे गेले आणि परत मागे आले. आई मेली, बाप आरोपी आणि मूल पिंजऱ्यात उभं राहून सांगतंय घरात काय व्हायचं ते. आरोपीने स्वतः साक्ष दिली आणि आणखी चार जण आणले. न्यायमूर्ती न्जिडेका न्वोसू-इहेमे, म्हणजे निकाल देणारीही इग्बो नावाची बाई.

यातले बरेच आरोप २०१५ च्या एका कायद्याखाली होते, व्यक्तींवरील हिंसाचार प्रतिबंधक कायदा म्हणता येईल. गंमत अशी की तो केंद्राने केला तेव्हा फक्त राजधानी अबुजाच्या हद्दीत लागू होता, बाकी राज्यांनी आपापला करून घ्यायचा. म्हणजे हीच घटना एखाद्या कायदा न केलेल्या राज्यात घडली असती तर मारहाणीचे कितीतरी आरोप वेगळ्या, जुन्या कलमांत कोंबावे लागले असते. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, तो देशभर आहे, पण अंमलबजावणीबद्दल बोलायला बसले तर धागा हायजॅक होईल.

फाशी योग्य की नाही यावर कृपया इथे सुरू होऊ नका, माझं मत विरोधात आहे, तरी निकाल वाचून वाईट वाटलं नाही. विसंगती आहे, मान्य.


मावळतीचा_सूर :

धागा परत गाण्याकडे नेतो. लेगॉसकर, तिच्याआधी इग्बो गॉस्पेलमध्ये कोण होतं? का हे सगळं यूट्यूबनंतरचं?


जुनी_कॅसेट :

याचं उत्तर माझ्याकडे, माळ्यावरच्या खोक्यात.

माझे वडील १९७९ ते ८६ नायजेरियात गणिताचे मास्तर होते, एनुगूजवळच्या एका सरकारी शाळेत. तेव्हा आपल्याकडून पुष्कळ शिक्षक जायचे, त्यांच्याकडे तेलाचा पैसा होता आणि शिक्षक कमी. मी तिथे चौथीपर्यंत शिकलो. घरी परत येताना बाबांनी आणलं काय, तर एक टू-इन-वन आणि एक खोकं भरून कॅसेट. त्यात निम्म्या हायलाइफच्या (तिकडचं गिटार-ब्रासवालं नाचाचं संगीत) आणि एक पॅटी ओबासीची. ‘न्वा मामा इवोटा’ हे त्याचं गाणं तेव्हा जिकडेतिकडे वाजायचं, शाळेच्या गेटवर भजी विकणाऱ्या बाईपर्यंत (अकारा, चवळीची भजी, आपल्या भज्यांच्या तोंडात मारतील अशी). इग्बो गॉस्पेलचा तो आद्य माणूस म्हणतात. देवाचं गाणं पण ठेका हायलाइफचा, पाय हलणारच. आई विचारायची हे भजन आहे का नाच.

बाबा सांगायचे की तिथे ज्या घरात जाल तिथे युद्धात गेलेला कुणीतरी असायचाच. बियाफ्राचं युद्ध, १९६७ ते ७०, इग्बो लोकांनी वेगळा देश मागितला आणि वेढ्यात उपासमारीने माणसं मेली, मुलं जास्त. त्या युद्धाच्या शेवटाला आणि नंतर तिकडे तरुणांमध्ये प्रार्थनेची लाट आली, स्क्रिप्चर युनियनची शाळाशाळांतून मंडळं, आणि त्याच पोरांनी पुढे पेंटेकोस्टल चर्चं काढली. म्हणजे हे जे लाख माणसांचे डोम दिसतात त्याच्या मुळाशी भुकेलेली, हरलेली पोरं आहेत. गाण्यात सारखं ‘तू वाट काढशील’, ‘तू बोललास ते करशील’ येतं ते उगीच नाही.

कॅसेटी ओनित्शाच्या बाजारातून यायच्या. रॉजर्स ऑल स्टार्स ही तिथलीच कंपनी, खोक्यातल्या बऱ्याच कॅसेटांवर तेच नाव आहे. बाजार नायजर नदीच्या काठावर, आणि बाबांच्या म्हणण्यानुसार तिथे आई-बाप सोडून सगळं विकत मिळायचं.


लेगॉसकर :

जुनी_कॅसेट, तुम्ही वेगळा धागा काढा. आत्ताच्या आत्ता.

तुमचंच पुढे नेतो. कॅसेटचं जग संपल्यावर ते लेगॉसच्या अलाबा मार्केटला आलं, तिथेही दुकानदार बहुतेक इग्बोच. सीडीचा जमाना, एका सीडीवर तासभर न थांबता एकातून एक निघणारी स्तुतिगीतं. चिओमा जीझस म्हणून एक बाई आहे (खरं नाव अमाका ओक्वुओहा), तिला ऐका, ती गात नाही, मिरवणूक काढते. आता हे सगळं फोनवर आलंय आणि अलाबात टीव्ही, इन्व्हर्टर जास्त दिसतात.

ओसिनाची या दोन्हीच्या मधली. पॅटी ओबासीसारखी नाचवत नाही, सिनाकसारखं सगळ्या जगाला लगेच गाता येईल असं सोपं इंग्लिशही नाही. तिला हळू गायला आवडायचं. एक ओळ धरायची आणि तीच, तीच, तीच, प्रत्येक वेळी जरा वेगळ्या ठिकाणी जोर. आपल्याकडे कीर्तनात नामघोष चालतो तसं काहीसं. गर्दी आधी बसलेली असते, मग उभी राहते, मग निम्मी रडत असते. तिला काही करावं लागत नाही, उभी असते फक्त, एक हात वर.


खारी_बिस्कीट :

मी काल रात्री चार व्हिडिओ बघितले. दुसऱ्या वेळी बघताना मी सारखी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, काही खुणा दिसतात का, लांब बाह्या आहेत का. रमाकाकूंच्या पोस्टमुळे असेल. मग वाटलं हे बरोबर नाही, ती गातेय आणि मी तपास करतेय. बंद केला.


रमाकाकू :

बंद नको करूस गं. नुसतं ऐक, बघू नकोस. फोन पालथा ठेव आणि पोळ्या लाट.


मावळतीचा_सूर :

लेगॉसकरांनी मूळ विचारलेलं की नंतर गाणं कसं ऐकायचं, त्याला काकूंनी उत्तर दिलंच आहे. मला मात्र एक खुपतं. गाण्याचा अर्थ ‘जो बोलतो ते करतो’. आणि ती ज्याच्या ‘मी बदलेन’वर परत गेली... नाही, जाऊ दे, हे लिहिलं की फार जुळवल्यासारखं वाटतं.


भाषावेडा :

जुळवल्यासारखं नाही, पण तिच्यासाठी ते नाव देवाचं होतं, नवऱ्याचं नाही. तिने दोन्हींत गल्लत केली नव्हती असं मला वाटतं. तिच्या आसपासच्यांनी केली.


क्वायरवाली :

आमच्या क्वायरमास्तरांना एक्वुएमे ऐकवलं. दोनदा ऐकून म्हणाले पट्टी खाली आहे, बायकांना जमेल. नाताळाच्या आधीच्या एका रविवारी बसवायचं चाललंय, इग्बो ओळ तशीच ठेवून. उच्चार कसा करायचा ते कुणी सांगेल का? एक्वेमे, एकवूमे, आम्ही तिघी तीन तऱ्हा म्हणतोय. अंडं व्हायला नको.


लेगॉसकर :

हाहा. आज जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्सच्या बाईंना विचारलं. मी म्हणून दाखवलं तर त्यांनी आधी डब्याचं झाकण लावलं आणि मग हसल्या, पाच मिनिटं. ‘क्वु’ एकत्र म्हणायचं, तोडायचं नाही, ओठ गोल करून एकाच दमात, आणि मग ए आणि मे वेगवेगळे. ए-क्वु-ए-मे. चार तुकडे. सूर कुठे चढवायचा ते लिहून कळणार नाही म्हणाल्या, म्हणून त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतलंय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. तीन वेळा म्हणाल्यात. तिसऱ्या वेळी नुसतं म्हणायचं सोडून गायलाच लागल्या, मागे जनरेटरचा आवाज आहे, त्याला इलाज नाही.